आदामाचें पाप आणि पाळण्यांतलें मूल

जन्मून चार घटका झाल्या नाहींत तोंच जें मूल डोळे मिटतें त्याचा अपराध कोणता, हा प्रश्न कोणत्याहि देशांतील आईबापांच्या मनांत येण्यासारखा आहे. परंतु पश्चिम युरोपांतील ख्रिस्ती समाजांत तो केवळ शोकाचा उद्गार राहिला नाहीं. तेथें त्यावर धर्मसभा भरल्या, बादशाही हुकूम सुटले, बिशप पदच्युत झाले, आणि अशा मुलास कोणत्या जमिनींत पुरावें हेंहि त्याच्या उत्तरावरून ठरूं लागलें. ज्या सिद्धांतामुळें हें सर्व घडलें त्यास मूळपापाचा सिद्धांत म्हणतात. आपल्याकडे त्याचा उल्लेख बहुधा खंडनमंडनाच्या भरांत होतो. त्यामुळें तो एक तर सरसकट हास्यास्पद ठरतो किंवा सरसकट शिरोधार्य. तो कोणत्या गरजेंतून घडला आणि पुढें कोणत्या कारणांनीं मवाळ होत गेला, हें शांतपणें पाहणें आम्हांस अधिक उपयुक्त वाटतें.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करूं. आदिपुरुष आदाम यानें ईश्वराची आज्ञा मोडली व तिचा वारसा सर्व मानवजातीस मिळाला, असें म्हणतांना तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच वाक्यांत बसविल्या जातात. पहिली, त्या कृत्याचा परिणाम: मरण, दुःख, कष्ट. दुसरी, त्यामुळें बिघडलेली प्रवृत्ति: मन वाईटाकडे ओढलें जाणें. तिसरी, प्रत्यक्ष दोष: म्हणजे आदामाचा अपराध वंशजांच्या नांवें मांडला जाणें व त्यांस त्याबद्दल शिक्षेस पात्र धरणें. बाप कर्जबाजारी होऊन मेला तर मुलगा दरिद्री होतो, हा परिणाम. बापाची उधळी वृत्ति मुलांत उतरते, ही प्रवृत्ति. पण बापानें केलेल्या चोरीसाठीं मुलास तुरुंगांत घालणें ही तिसरी गोष्ट होय. व तिलाच ‘आरोपित पाप’ हें नांव शोभतें. पहिल्या दोहोंविषयीं ख्रिस्ती जगांत फारसा तंटा नव्हता. सगळा इतिहास तिसरीचा आहे.

मूळ ग्रंथांत या तिसऱ्या गोष्टीस आधार किती, हें पाहूं लागलें असतां वाचक थोडा विस्मित होतो. उत्पत्तीच्या पुस्तकांत आदाम व हव्वा यांस शाप मिळतो, बागेंतून हकालपट्टी होते. परंतु त्यांच्या वंशजांस जन्मतःच अपराधी ठरविल्याचा शब्द तेथें नाहीं. निर्गमाच्या पुस्तकांत बापाच्या अन्यायाचा झाडा तिसऱ्या चौथ्या पिढीपर्यंत घेणारा ईश्वर दिसतो खरा. पण यहेज्केल संदेष्ट्यानें आपल्या अठराव्या अध्यायांत ही समजूत सडेतोडपणें नाकारली, आणि जो पाप करील तोच त्याचें फळ भोगील, असें बजावलें. सिद्धांताचा खरा आधार पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत शोधण्यांत आला. तेथें एका मनुष्याच्या द्वारें पाप व पापाबरोबर मरण जगांत कसें शिरलें, याचें विवेचन आहे. त्यांतील एका लहानशा ग्रीक शब्दसमूहाचा सरळ अर्थ ‘कारण’ असा होतो, असें बहुतेक विद्वान मानतात. लॅटिन भाषांतरांत त्याचीं जीं दोन अक्षरें आलीं त्यांचा अर्थ ‘ज्याच्या ठायीं’ असा करतां येई. ग्रीक वाचणारास प्रत्येकानें केलेलें पाप दिसे. लॅटिन वाचणारास आदामाच्या ठायीं सर्वांनीं मिळून केलेलें पाप दिसूं लागलें. चौथ्या शतकांतील ज्या अज्ञात भाष्यकारास पुढें ‘ॲम्ब्रोझिॲस्टर’ हें नांव पडलें, त्यानें हाच अर्थ घेतला, आणि त्याचें भाष्य ऑगस्टीनच्या हातीं गेलें. सोळाव्या शतकांत इरॅस्मसनें मूळ ग्रीकाकडे बोट दाखविलें, तेव्हां त्याच्यावरच पाखंडाचा संशय घेण्यांत आला.

तथापि एका भाषांतराच्या चुकीवर एवढी इमारत उभी राहिली, असें म्हणणें अन्यायाचें होईल. भाषांतराहून मोठें कारण एका संस्कारांत होतें. बाप्तिस्मा हा पापक्षालनाचा संस्कार. आणि तो तान्ह्या मुलांसहि देण्याचा प्रघात हळूहळू पडत गेला होता. इ. स. २०० च्या सुमारास कार्थेज येथील टर्टुलियन हा लेखक या प्रघाताविषयीं साशंक होता. निरागस वयास पापक्षालनाची घाई कशास, असें त्याचें म्हणणें. पन्नास वर्षांनंतर त्याच नगरीचा बिशप सिप्रियन व त्याच्या सभेंतील सहासष्ट बिशप यांनीं मुलास आठ दिवस देखील थांबवूं नये, असा निर्णय दिला. आणि कारण असें सांगितलें कीं, ज्या पापाची क्षमा त्यास मिळते तें त्याचें स्वतःचें नसून परक्याचें असतें. येथें सिद्धांताचें बीज पडलें. याच्या उलट, ग्रीक भाषिक पूर्वेकडील प्रख्यात वक्ता क्रिझोस्टम यानें, मुलांस पापें नसतांहि आपण त्यांस बाप्तिस्मा देतों तो पावित्र्य व पुत्रत्व त्यांस लाभावें म्हणून, असें प्रवचनांत सांगितलें होतें. संस्कार एकच, पण पश्चिमेनें त्यावरून दोषाचें अनुमान काढलें, पूर्वेनें तें काढलें नाहीं. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा आजहि आदामापासून मरण व दुर्बलता आली असें मानते. त्याचा दोष आला असें बहुधा मानीत नाहीं.

वाद पेटला तो रोम पडल्यावर. इ. स. ४१० मध्यें गॉथ राजा ॲलरिक यानें रोम लुटलें व तेथून पळालेल्या लोकांबरोबर पेलेजियस नांवाचा ब्रिटनचा एक तपस्वी आणि त्याचा शिष्य सेलेस्टियस हे आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागले. पेलेजियस हा नास्तिक नव्हे, विलासी तर नव्हेच. रोममधील नांवापुरत्या ख्रिस्ती उमरावांचें शैथिल्य पाहून तो संतापला होता. ‘आम्ही दुर्बल, काय करणार?’ ही सबब त्यास ऐकवत नसे. ईश्वर जी आज्ञा करतो ती पाळण्याची शक्तीहि देतो, आदामाचें पाप जगांत पसरलें तें रक्तानें नव्हे तर अनुकरणानें, असें तो शिकवी. सेलेस्टियस पुढें जाऊन म्हणाला कीं, आदामाच्या पापानें आदामाचीच हानि झाली व नवजात मूल हें पतनापूर्वीच्या आदामासारखेंच असतें. कार्थेज येथें ४११ च्या सुमारास त्याचा निषेध झाला.

हिप्पोचा बिशप ऑगस्टीन या वादांत उतरला तो येथें. त्याचा युक्तिवाद तीन पायऱ्यांचा होता. बाप्तिस्मा पापांच्या क्षमेसाठीं आहे. चर्च तो तान्ह्या मुलांस देतें. तान्ह्या मुलानें स्वतः पाप केलेलें असणें शक्य नाहीं. तेव्हां क्षमा होते ती आदामाच्या पापाची, आणि ज्यास बाप्तिस्मा न होतां मरण आलें तें मूल त्या पापाच्या दंडास पात्र. वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. मूल दोषी आहे म्हणून संस्कार सुरू झाला, असें ऑगस्टीन दाखवीत नाहीं. संस्कार चालू आहे म्हणून मूल दोषी असलेंच पाहिजे, असें तो दाखवितो. आचारावरून विचार सिद्ध करण्याची ही रीत सर्वच धर्मांत आढळते व ती नेहमींच निरुपद्रवी असते असें नाहीं.

निकाल मात्र लौकरच लागला. पॅलेस्टाइनमधील डायोस्पोलिसच्या सभेनें ४१५ मध्यें पेलेजियसला निर्दोष ठरविलें होतें; पोप झोझिमसहि आरंभीं त्यास अनुकूल होता. परंतु ४१८ च्या एप्रिलअखेर बादशहा होनोरियस यानें पेलेजियसच्या पक्षास रोममधून हद्दपार करण्याचा हुकूम काढला, दुसऱ्याच दिवशीं, १ मे रोजीं, कार्थेज येथें आफ्रिकेंतील बिशपांची मोठी सभा भरून तिनें त्यांचीं मतें धिक्कारलीं, आणि पोपानेंहि निषेधपत्र काढलें. इटलींतील अठरा बिशपांनीं त्यावर सही करण्याचें नाकारलें व आपलीं पदें गमावलीं. त्यांत एक्लॅनमचा तरुण बिशप जूलियन हा अग्रणी होता.

हा जूलियन ऑगस्टीनला शेवटपर्यंत पुरून उरला. त्याचा मुद्दा सोपा व बोंचणारा होता: ज्यास आपण न्यायाची मूर्ति म्हणतों तो ईश्वर इच्छाशक्तीच न उमललेल्या अर्भकास परक्याच्या अपराधाबद्दल दंड करील, तर न्याय या शब्दास अर्थ काय उरला? त्यानें क्रिझोस्टमचें वरील वाक्य पुढें केलें. ऑगस्टीननें उत्तर दिलें कीं, वाक्यांत ‘पापें’ असें अनेकवचन आहे. मुलांचीं स्वतःचीं पापें नाहींत एवढाच त्याचा अर्थ. जूलियनच्या ग्रंथाला वाक्यागणिक उत्तर देत असतांनाच, व्हँडल टोळ्यांचा वेढा हिप्पोभोंवतीं पडलेला असतां, ४३० मध्यें ऑगस्टीन मरण पावला व तो ग्रंथ अपुरा राहिला.

परंतु ऑगस्टीनला कठोर हृदयाचा ठरविणें चुकीचें आहे. ४१५ मध्यें त्यानें बेथलेहेम येथें राहणाऱ्या जेरोमला एक दीर्घ पत्र पाठविलें. त्यांत तो कबूल करतो कीं, मुलांच्या शिक्षेचा प्रश्न आला म्हणजे आपण फार पेंचांत सांपडतों व काय उत्तर द्यावें हें सुचत नाहीं. त्याच पत्रांत मुलांचे आजार, त्यांच्या यातना, त्यांची भूक यांचा तो विचार करतो. ईश्वर न्यायी असून हीं मुलें तळमळतात, तेव्हां कोठें तरी कांहीं दोष असलाच पाहिजे, ही त्याची विचारसरणी. हा प्रश्न आपल्यालाहि परका नाहीं. आपल्या परंपरेनें त्यास पूर्वजन्मींच्या कर्माचें उत्तर दिलें, म्हणजे दुःख ज्याचें त्याचेंच देणें ठरविलें. ऑगस्टीननें पूर्वजन्मींच्या पापाचा मार्गहि विचारांत घेतला व नाकारला. मग त्याच्यापाशीं एकच वाट उरली: दोष आपला नसून पूर्वजाचा, आणि तरीहि कोणत्या तरी गूढ रीतीनें आपला. पुढें ४२१ च्या सुमारास त्यानें लिहिलें कीं, अशा मुलांची शिक्षा सर्व शिक्षांत सौम्य असेल. आमच्या मतें या ‘सौम्य’ शब्दांतच पुढील पंधरा शतकांचा इतिहास सामावलेला आहे. सिद्धांत सोडवत नाहीं आणि त्याचा शेवट पाहवत नाहीं, अशा अवस्थेंत मनुष्य विशेषणें शोधूं लागतो.

मध्ययुगांत हीं विशेषणें वाढत गेलीं. बाराव्या शतकांत पॅरिसचा आबेलार हा तर्कपंडित म्हणाला कीं, आपल्याला आदामाकडून शिक्षा मिळाली, दोष मिळाला नाहीं. सांस येथील धर्मसभेनें त्याचीं जीं विधानें निषिद्ध ठरविलीं त्यांत हेंहि एक होतें. परंतु निषेध करणाऱ्या परंपरेलाहि स्वस्थ बसवेना. १२०१ मध्यें पोप तिसरा इनोसंट यानें एका पत्रांत भेद केला: केवळ मूळपापाची शिक्षा म्हणजे ईश्वरदर्शनास मुकणें, नरकाच्या यातना या स्वतः केलेल्या पापांसाठीं. मग पंडितांनीं अशा मुलांसाठीं नरकाच्या कडेवर एक निराळी जागा कल्पिली. तिला ‘लिंबो’ म्हणत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कांठ, किनार. थॉमस ॲक्वायनसनें तर तेथें मुलांस दुःखहि होत नाहीं, असें प्रतिपादिलें. डांटेच्या महाकाव्यांत हीं मुलें व पुण्यवान मूर्तिपूजक नरकाच्या पहिल्या वर्तुळांत एकत्र आढळतात. ज्या मध्यम जागेची कल्पना ऑगस्टीननें पेलेजियसपंथी म्हणून झिडकारली होती, तीच त्याच्या शिष्यांस अशा रीतीनें पुन्हां बांधावी लागली.

पंडितांची जागा सोयीची असली तरी आईची समजूत तिनें पटेना. फ्लॉरेन्सच्या धर्मसभेनें १४३९ मध्यें स्पष्ट केलें कीं, निकडीच्या वेळीं बाप्तिस्मा कोणींहि द्यावा. स्त्री असो, परधर्मी असो, चालेल. सुइणींस त्या विधींतील शब्द शिकविण्यांत येऊं लागले. फ्रान्समध्यें आव्हिओथसारखीं देवस्थानें होतीं. तेथें मृत जन्मलेलें मूल वेदीपुढें ठेवून, तें क्षणभर जिवंत व्हावें व तेवढ्यांत त्यास बाप्तिस्मा मिळावा, म्हणून आईबाप प्रार्थना करीत. त्याच्या अंगाचा रंग किंचित् पालटला, ओठ हलल्यासारखा वाटला, कीं संस्कार उरकून घेत. आयर्लंडांत अशा मुलांस पवित्र दफनभूमींत जागा नसे. शेताच्या बांधाशीं, पडक्या देवळाजवळ, समुद्रकांठीं बाप रात्रीं जाऊन त्यांस पुरीत असे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही चाल कोठें कोठें टिकून होती, आणि अशा शेंकडों जागा तेथें आजहि दाखवितात. सिद्धांताचें खरें वजन किती, तें या बिननांवाच्या दगडांवरून कळतें.

सोळाव्या शतकांतील धर्मक्रांतीनें पुष्कळ जुनें मोडलें. हा सिद्धांत मात्र अनेक ठिकाणीं अधिक कडक केला. झूरिकच्या झ्विंग्लीनें १५२६ मध्यें मूळपापास दोष न म्हणतां रोग म्हटलें; पण त्याची बाजू मागें पडली. रोमन कॅथलिक पक्षानें १५४६ मध्यें ट्रेंटच्या सभेंत, हें पाप अनुकरणानें नव्हे तर जन्मानें येतें व प्रत्येकाच्या ठायीं स्वतःचें म्हणून असतें, असा ठराव केला. याच सुमारास ख्रिस्ती पंथ गोव्यांत पाय रोवीत होता. १५७९ मध्यें गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यानें आपल्या क्रिस्तपुराणांत आदामाच्या पतनाची कथा मराठी ओवींत सांगितली. १६१६ मध्यें तो ग्रंथ सासष्टींतील रायतूर येथें छापला गेला. अशा रीतीनें ही कथा आपल्या भाषेंत पुराणाच्या वेषांत शिरली.

प्रॉटेस्टंट पंडितांनीं तिला वकिली वेष चढविला. ईश्वरानें आदामाशीं करार केला, आदाम हा सर्व मानवजातीचा मुखत्यार होता, मुखत्यारानें करार मोडला म्हणजे तो सर्वांनीं मोडला, अशी ही मांडणी. १६४६ मध्यें लंडनला पूर्ण झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या मतपत्रिकेंत त्या पापाचा दोष वंशजांवर आरोपित झाला, असा स्पष्ट शब्द आला. फ्रान्समध्यें सोम्यूर येथील अध्यापक द ला प्लास यानें एक सुधारणा सुचविली: बिघडलेला स्वभाव आपल्यांत प्रत्यक्ष आढळतो म्हणून दोष लागतो, निव्वळ आदामाच्या कृत्यामुळें नव्हे. फ्रेंच प्रॉटेस्टंटांच्या शारांतों येथील सभेनें १६४५ च्या आरंभापर्यंत चाललेल्या आपल्या बैठकींत, मूळपाप म्हणजे केवळ स्वभावाचा बिघाड, हें मत अमान्य केलें. स्विस चर्चांनीं तर १६७५ मध्यें थेट आरोपणाचा सिद्धांत लेखी बांधून टाकला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतींत विगल्सवर्थ या धर्मोपदेशकानें १६६२ मध्यें अंतिम न्यायाच्या दिवसावर दीर्घ काव्य लिहिलें व तें तेथें घरोघर वाचलें जाई. त्यांत तान्हीं मुलें न्यायासनापुढें उभीं राहून, आम्हीं तें फळ खाल्लें नाहीं, असें गाऱ्हाणें मांडतात. न्यायाधीश तें फेंटाळतो. पण मुलांस नरकांत त्यांतल्या त्यांत बरी जागा देतो. बाराशें वर्षांनीं पुन्हां तेंच ‘सौम्य’ विशेषण!

या मांडणीचा सर्वांत बुद्धिमान कैवारी म्हणजे जोनाथन एडवर्ड्‌स. इंग्लंडांतील जॉन टेलर यानें, दोष हा व्यक्तीचा असतो, तो एकाकडून दुसऱ्याकडे जाऊं शकत नाहीं, असा हल्ला चढविला होता. एडवर्ड्‌सचा ग्रंथ १७५८ मध्यें, त्याच्या मृत्यूच्याच वर्षीं, प्रसिद्ध झाला. त्यानें विचारलें: कालचा मी व आजचा मी एक, हें तरी कशावरून? ईश्वर तसें ठरवितो म्हणून. मग तोच ईश्वर आदाम व त्याचे वंशज यांस झाडाचें मूळ व फांद्या यांप्रमाणें एक धरीत असेल तर तक्रार कोणती? युक्तिवाद मोठा खोल आहे. पण तो जिंकण्यासाठीं ‘मी’ हा शब्दच पातळ करावा लागला. एवढी किंमत देऊन टिकविलेला किल्ला फार दिवस राखतां येत नाहीं. १९०३ मध्यें अमेरिकेंतील प्रेसबिटेरियन चर्चनें बाल्यांत मरणारीं सर्व मुलें तारलीं जातात, असा खुलासा आपल्या मतपत्रिकेस जोडला. रोमन कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या प्रश्नोत्तरग्रंथांत मूळपापास ‘पाप’ हें नांव केवळ साम्यानें लावलेलें आहे, तें केलेलें कृत्य नसून प्राप्त झालेली अवस्था आहे, व वंशजांच्या ठायीं त्यास वैयक्तिक दोषाचें स्वरूप नाहीं, असें म्हटलें आहे. २००७ मध्यें त्याच चर्चच्या धर्मशास्त्रविषयक आंतरराष्ट्रीय मंडळानें लिंबोची कल्पना अनावश्यक संकोचाची ठरवून, बाप्तिस्म्यावांचून मेलेल्या मुलांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे, असें प्रसिद्ध केलें. आबेलारनें ज्या म्हणण्यापायीं निषेध सोसला त्यापासून हें फार दूर नाहीं.

मग हा सारा वाद व्यर्थ होता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पेलेजियसचा मार्ग दिसतो तितका दयाळू नाहीं. ज्यास सर्व शक्ति जन्मतः मिळाली आहे त्यास घसरण्याची एकहि सबब उरत नाहीं. प्रत्येक अपयश हा उघड अपराध होतो. ऑगस्टीनला माहीत होतें कीं, चांगलें कळतें व तरीहि मनुष्य वाईट करतो, आणि हें दौर्बल्य त्यानें स्वतः निवडलेलें नसतें. राजा व गुलाम, साधु व चोर हे एकाच खड्ड्यांत आहेत, हा त्याच्या शिकवणींतील समभाव लहान नव्हे. चूक झाली ती दुसऱ्या गोष्टीस तिसरी जोडण्यांत. रोग वारशानें येतो हें खरें. रोग्यास अपराधी म्हणणें हें खोटें.

आपल्या धर्मशास्त्रानें हा भेद व्यवहारांत चांगला ओळखला होता. बापाचें ऋण मुलानें फेडावें असें सांगणाऱ्या मनुस्मृतीनेंच, बापाचें जुगाराचें व मद्याचें देणें आणि त्याच्यावर बसलेल्या दंडाची बाकी मुलाकडे मागूं नये, असेंहि सांगितलें. देणें वंशास चिकटतें. दंड चिकटत नाहीं. हा नियम जेथें विसरला जातो तेथें केवढा अनर्थ होतो, याचें उदाहरणहि युरोपच्याच इतिहासांत आहे. ख्रिस्ताच्या वधाचा दोष सबंध यहुदी जातीच्या माथीं पिढ्यान्‌पिढ्या मारण्यांत आला, आणि त्या आरोपाच्या आडोशानें त्यांच्या वस्त्या लुटल्या गेल्या. तो वध त्या वेळच्या सर्व यहुद्यांच्या किंवा आजच्या यहुद्यांच्या माथीं मारतां येत नाहीं, हें दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें जाहीर केलें तें १९६५ च्या ऑक्टोबरांत. म्हणजे साठ लक्ष यहुदी मारले गेल्यानंतर वीस वर्षांनीं.

पूर्वजांच्या कृत्यांचे परिणाम आपल्यापर्यंत येतात, त्यांचें दौर्बल्यहि येतें, आणि त्यांनीं मोडलेलें सांवरण्याची जबाबदारी पुढच्या पिढीवर पडते, हें कोणीं नाकारूं नये. परंतु जबाबदारी निराळी व अपराध निराळा. हिप्पोच्या बिशपास जें उत्तर सुचलें नाहीं तें पाहण्यासाठीं त्याला दूर जावें लागलें नसतें. त्याच्या आफ्रिकेंतील ज्या आईनें मेलेलें मूल मांडीवर घेतलें होतें, तिला तें मूल निर्दोष आहे हें ठाऊक होतें. धर्मसभांस तिच्या मागें यावयास पंधराशें वर्षें लागलीं.